चोरिस-पाव आणि त्यामागचे तीन व्यवसाय

उत्तम चोरिस-पाव कोणत्या हॉटेलात मिळतो, असा प्रश्न गोव्यात येणारा पाहुणा हमखास विचारतो. या प्रश्नाचे उत्तर हॉटेलाच्या नावाने देणे अवघड असते. कारण चोरिस-पाव हा ज्या गाड्यावर किंवा खानावळीत विकला जातो, त्या ठिकाणी त्याचे फार थोडे काम झालेले असते. मसाला लावून वाळविलेले डुकराचे मांस कोणा एका घरी दोन-तीन आठवडे आधी तयार झालेले असते. पाव दुसऱ्या कोणाच्या भट्टीत दोन-तीन तासांपूर्वी भाजलेला असतो. विक्रेता फक्त या दोहोंची गाठ घालून देतो. म्हणून चांगला चोरिस-पाव शोधावयाचा तर विक्रेत्याच्या पाटीपेक्षा त्याच्याकडे चोरिस कोणाचा येतो आणि पाव कोणाचा येतो, याची चौकशी करणे अधिक उपयोगी ठरते.

या खाद्यामागे तीन जुने व्यवसाय उभे आहेत : चोरिस करणाऱ्यांचा, पाव भाजणाऱ्या पोदेरांचा आणि माडावर चढून सूर काढणाऱ्या रेंदेरांचा. त्यांपैकी तिसऱ्याचे नाव ग्राहकाच्या ध्यानी सहसा येत नाही. परंतु पहिल्या दोघांची परंपरा ज्या पदार्थावर उभी राहिली, तो त्याच्याच हातून येत असे. या तीन व्यवसायांची ओळख करून देणे व ग्राहकाने खरेदीच्या वेळी काय पाहावे हे सांगणे, हा या लेखाचा हेतू आहे. ज्यांच्या आहारात हे मांस बसत नाही अशा वाचकांनाही यातील पावाची आणि सुरेची हकीकत परकी वाटणार नाही. कारण सकाळच्या पातळ भाजीबरोबर येणारा पाव त्याच भट्टीतून आलेला असतो.

मांसविक्रेत्याच्या दुकानातील सँडविच

दोन पावांच्या मध्ये मांस घालून खाण्याच्या प्रकाराला सँडविच हे नाव इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात मिळाले. सँडविचचे चौथे अर्ल जॉन माँटेग्यू यांच्यावरून ते पडले, आणि इतिहासकार एडवर्ड गिबन यांच्या १७६२ मधील दैनंदिनीत त्याचा सर्वांत जुना ज्ञात लेखी उल्लेख आढळतो. नाव इंग्रजी असले तरी प्रकार सर्वत्र होता, आणि बहुतेक देशांत त्याचे चांगले ठिकाण म्हणजे मांस जेथे कापले किंवा मुरविले जाते तेच दुकान असे. जर्मनीत खाटकाच्या दुकानातच भाजलेल्या मांसाचा जाड काप गोल पावात घालून गिऱ्हाइकाच्या हाती देतात. अशा तयार खाद्यांच्या दुकानांसाठी जर्मन भाषेत जो शब्द होता, तो स्थलांतरितांबरोबर अमेरिकेत गेला व ‘डेली’ या संक्षिप्त रूपात रूढ झाला. न्यूयॉर्क शहरातील कॅट्झ ही डेली १८८८ पासूनची म्हणून ओळखली जाते. पोर्तुगालमध्ये तर शोरिसु हा मसालेदार सॉसेज कणकेत गुंडाळून पावासकट भाजण्याची रीत आहे.

या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. मांस तयार करणारा आणि ते पावात घालणारा एकच असतो, किंवा निदान एकमेकांना ओळखतो. गोव्यात असे एकाच छपराखालचे दुकान क्वचितच दिसते. येथे ताजे मांस, घरगुती चोरिस, हॅम, खारविलेली जीभ इत्यादी वस्तू विकणाऱ्या दुकानाला ‘कोल्ड स्टोरेज’ असे म्हणतात. पाव पोदेर घरोघर देतो. आणि दोहोंचा मिलाफ संध्याकाळच्या गाड्यावर, तावेर्नमध्ये अथवा लहान बारमध्ये होतो. म्हणून गोव्यातील ग्राहकाला थोडी अधिक पायपीट करावी लागते, एवढाच फरक.

पाव गोव्यात रुजला तो असा

गोवा हा भाताचा प्रदेश. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी तिसवाडी जिंकली आणि १५४३ मध्ये बार्देश व साष्टी हे प्रांत त्यांच्या ताब्यात आले. युरोपियनांना रोजच्या जेवणासाठी आणि मिशनऱ्यांना धार्मिक विधीसाठी गव्हाची रोटी लागत होती. साष्टीतील जेझुइट मिशनऱ्यांनी स्थानिक नवख्रिस्ती लोकांना पाव भाजण्याची विद्या शिकविली, अशी परंपरा आहे. माजोर्डा हे गाव या व्यवसायाचे मूळ म्हणून सांगितले जाते. पाव हा शब्द पोर्तुगीज ‘पांव’वरून आला, आणि पोदेर हा ‘पदेइरू’ या शब्दाचा कोकणी अवतार होय. पुढे एकोणिसाव्या शतकात गोव्यातील भट्टीवाले मुंबईत गेले आणि तेथेही पाव लोकांच्या सवयीचा झाला.

सुरुवातीच्या काळात हा पाव केवळ अन्न नव्हता. तो खाणे म्हणजे धर्म सोडणे असे समीकरण होते. विहिरीत पाव टाकून गावे बाटविल्याच्या कथा कोकणपट्टीत अजून सांगितल्या जातात. त्या कथांतील भय आज उरलेले नाही. पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा येथील हिंदू उपाहारगृहांत सकाळच्या पातळ भाजीबरोबर, सुक्या भाजीबरोबर पावच लागतो, आणि पोदेराचा भोंगा ऐकून दार उघडणारी घरे सर्व धर्मांची असतात. एखाद्या खाद्याने एवढा मोठा सामाजिक प्रवास केल्याची उदाहरणे फारशी नाहीत.

चोरिसाची घडण

चोरिसाचे मूळ पोर्तुगीज शोरिसु या सॉसेजमध्ये आहे. त्यात डुकराचे मांस, लसूण, मीठ, लाल मिरचीची पूड आणि द्राक्षाची वाइन असते. मग ते आतड्यात भरून धुरावर वाळवितात. गोव्यात द्राक्षे नव्हती. माड मात्र भरपूर होते. वाइनची जागा सुरेच्या शिरक्याने, म्हणजे येथील भाषेत विनागराने घेतली. त्यात मिरी, दालचिनी, लवंग, जिरे, हळद, आले ही येथल्या स्वयंपाकघरातील मंडळी येऊन मिळाली. मिरची ही अमेरिकेतून पोर्तुगीजांच्याच जहाजांनी आलेली. पण तिची येथील वापरण्याची रीत पोर्तुगालपेक्षा कितीतरी सढळ. त्यामुळे चोरिसाचे नाव पोर्तुगीज राहिले, तरी चव गोव्याची झाली.

करण्याची पद्धत सावकाशीची आहे. मांसाचे व चरबीचे लहान तुकडे हाताने कापतात. यंत्रातून काढलेला खिमा या कामाला चालत नाही, असा जुन्या मंडळींचा आग्रह असतो. तुकड्यांना जाडे मीठ चोळून वर वजन ठेवतात, म्हणजे मांसातील पाणी निथळून जाते. नंतर ते उन्हात सुकवितात. मिरच्या, लसूण व इतर मसाला विनागरात वाटून तो या तुकड्यांना लावतात आणि दोन-तीन दिवस मुरू देतात. काही घरांत थोडी फेणीही घालतात. शेवटी स्वच्छ केलेल्या आतड्यात हे मिश्रण भरून दोऱ्याने थोड्या थोड्या अंतरावर गाठी मारतात. त्यामुळे जपमाळेतील मण्यांसारखी माळ तयार होते. ही माळ पुन्हा उन्हात आणि चुलीवरच्या धुरात वाळविली जाते.

हे सर्व पावसाळ्याच्या आधी करावयाचे काम होते. मासेमारी बंद, बाजार विस्कळीत, वाटा चिखलाच्या, अशा चार महिन्यांसाठी घरात बेगमी करून ठेवावी लागे. पोर्तुगीज ‘प्रोविमेंतु’ या शब्दावरून या बेगमीला ‘पुरुमेंत’ असे म्हणतात. मडगाव येथील होली स्पिरिट चर्चचे फेस्त ‘पुरुमेंताचे फेस्त’ म्हणूनच ओळखले जाते. सुके मासे, मिरच्या, कोकम यांची खरेदी त्या वेळी होत असे. चोरिसाच्या माळा चुलीवर टांगून ठेवल्या की पावसाळ्यात अचानक पाहुणा आला तरी घरधनिणीला चिंता नसे.

माडाची सूर : दोहोंमधील दुवा

रेंदेर दिवसातून तीन वेळा माडावर चढतो. सकाळी व संध्याकाळी तो रस उतरवून घेतो. दुपारी माडाच्या पोयीचे टोक धारदार कातीने पातळ छाटतो, म्हणजे रस झिरपत राहतो. पोयीला बांधलेल्या मडक्यात जमलेला हा रस ताजा असताना गोड असतो. परंतु हवेतील व मडक्यातील किण्वांमुळे काही तासांतच तो फसफसू लागतो आणि त्यातील साखरेचे मद्यार्कात रूपांतर होते. हीच सूर. ती आणखी काही आठवडे ठेवली की दुसऱ्या प्रकारचे सूक्ष्मजीव मद्यार्काचे ॲसेटिक आम्ल बनवितात, आणि सुरेचे विनागर होते.

पहिल्या अवस्थेतील सूर पोदेराच्या उपयोगी पडे. गोव्यात युरोपियन पद्धतीचे यीस्ट उपलब्ध नव्हते. म्हणून कणीक फुगविण्यासाठी फसफसती सूर वापरली गेली. सुरेने फुगविलेल्या पावाला किंचित आंबूस गोडवा येई. दुसऱ्या अवस्थेतील सूर, म्हणजे विनागर, चोरिस करणाऱ्याकडे जाई. चोरिस-पाव खाताना पावाचा गोडसर आंबूसपणा आणि मांसाचा तिखट आंबूसपणा एकमेकांना साजतात असा अनुभव येतो, त्याचे कारण येथे आहे. दोन्ही चवी एकाच माडावरून उतरलेल्या असत.

हा दुवा आता बराच सैल झाला आहे. बहुतेक सर्व भट्ट्यांत तयार यीस्ट वापरले जाते. विनागराच्या जागी पाण्यात मिसळलेले ॲसेटिक आम्ल, म्हणजे कृत्रिम व्हिनेगर वापरण्याचा मोह सर्वांनाच होतो. कारण ते स्वस्त असते व हवे तेव्हा मिळते. तीन वेळा माडावर चढण्याचे जोखमीचे काम करण्यास नव्या पिढीतील मुले तयार होत नाहीत, आणि त्यांना दोषही देता येत नाही. परिणामी सूर कमी, म्हणून खरे विनागर कमी, म्हणून जुन्या चवीचा चोरिसही कमी, अशी साखळी तयार झाली आहे.

चांगला चोरिस कसा ओळखावा?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात अथवा मडगावच्या बाजारात चोरिसाच्या माळा टांगलेल्या दिसतात. अनेक माळा एकसारख्या दिसत असल्या तरी त्यांत पुष्कळ फरक असतो. ग्राहकाने पुढील गोष्टी पाहाव्यात.

रंग : चांगल्या चोरिसाचा रंग गडद, विटकरी तांबडा असतो. भडक लाल किंवा गुलाबी झाक दिसल्यास शंका घ्यावी. घरी आणल्यावर एक साधी परीक्षा करता येते. चोरिस थोड्या पाण्यात शिजत ठेवावा. लाल मिरचीचा नैसर्गिक रंग मुख्यतः चरबीत विरघळतो. त्यामुळे पाण्यावर तरंगणारी चरबी केशरी-तांबडी होते आणि खालचे पाणी मसाल्याने नुसते गढूळ दिसते. पुष्कळसे कृत्रिम रंग मात्र पाण्यात विरघळणारे असतात. पाणीच झगझगीत लाल झाले तर रंग मिरचीचा नसावा, असे समजण्यास जागा आहे.

स्पर्श : मणी दाबला असता घट्ट, किंचित लवचिक लागावा. बुळबुळीत किंवा चिकट पृष्ठभाग हे खराब होऊ लागल्याचे चिन्ह होय. फारच मऊ चोरिस पुरेसा वाळलेला नसतो. फ्रीज घरोघर आल्यापासून कमी वाळविलेला चोरिस विकणे सोयीचे झाले आहे. त्यात पाण्याचे वजन अधिक असते आणि तो बाहेर टांगून टिकत नाही.

वास : विनागर, लसूण व धूर यांचा मिश्र वास यावा. खवट वास आला तर चरबी जुनी झाली आहे असे समजावे. नाकाला झोंबणारा नुसता आम्लाचा वास हे कृत्रिम व्हिनेगरचे लक्षण असू शकते.

आतील तुकडे : शक्य असल्यास एक मणी कापून पाहावा. मांसाचे व चरबीचे तुकडे वेगवेगळे ओळखू यावेत, चरबी पांढरी असावी, पिवळी नसावी. मांसापेक्षा चरबी अधिक असल्यास शिजविताना चोरिस विरघळून जातो आणि पातेल्यात तेलच उरते.

विक्रेत्याला विचारावयाचे प्रश्न : चोरिस कोणत्या गावचा, केव्हाचा, विनागर सुरेचे की बाजारचे, आणि आतडे कोणत्या जनावराचे, हे चार प्रश्न विचारण्यास संकोच करू नये. काही ठिकाणी आवरणासाठी गुरांचे आतडे वापरले जाते. ज्यांना ते वर्ज्य आहे त्यांनी आधीच विचारून घेणे इष्ट. जो स्वतः किंवा ज्याच्या घरची माणसे चोरिस करतात तो विक्रेता या प्रश्नांची उत्तरे न अडखळता देतो.

कोणता पाव, कोणती वेळ?

पोदेर दिवसातून दोनदा येतो, पहाटे आणि दुपार कलल्यावर. पूर्वी तो डोक्यावर टोपली घेऊन व हातात घुंगरांची काठी वाजवीत येई; पुढे सायकल आली, मोठी टोपली आली आणि रबरी भोंगा आला. चोरिस-पावाची योग्य वेळ या दोन फेऱ्यांनंतरची आहे. दुपारी बारा वाजता मिळणारा पाव सकाळचा असतो आणि रात्री उशिरा मिळणारा पाव दुपारचा. चोरिस आदल्या दिवशीचा असला तरी एक वेळ चालेल, किंबहुना तो मुरून अधिक चांगला लागतो. शिळा पाव मात्र चालत नाही.

गोव्यातील पावाचे प्रकारही अनेक आहेत. नेहमीचा चौकोनी मऊ पाव सर्वत्र मिळतो. उंडो हा गोल, वरून कडक आणि आतून मऊ असतो. पोई ही कोंडा असलेल्या गव्हाच्या पिठाची, चपटी व आतून पोकळ असते. कात्रे पावाला चिरलेला आकार असतो, आणि काकण हे बांगडीसारखे, कुरकुरीत, चहात बुडवून खाण्याचे. चोरिसासाठी उंडो आणि पोई हे विशेष योग्य. उंड्याचे कडक कवच चरबी बाहेर झिरपू देत नाही आणि आतील मऊ भाग ती शोषून घेतो. पोई तर मुळातच पिशवीसारखी असते. एका बाजूने उघडली की चोरिस आत बसतो आणि खाताना सांडत नाही. मऊ पावात भरलेला चोरिस-पाव मात्र लगेच खावा लागतो. थोडा वेळ गेला की तळ भिजून फाटतो.

लाकडाच्या भट्टीतील पाव आणि विजेच्या किंवा डिझेलच्या ओव्हनमधील पाव यांत फरक पडतो. जांभ्या दगडाची व मातीची घुमटाकार भट्टी आधी लाकडांनी तापवितात, निखारे बाजूला सारतात आणि तापलेल्या फरशीवर थेट पाव ठेवतात. खालून बसणाऱ्या या उष्णतेने पावाचा तळ खरपूस होतो. पाव उलटा करून तळावर बोट वाजविले असता पोकळ आवाज यावा, ही पोदेरांची जुनी खूण आहे.

चोरिस शिजविण्याची रीतही सोपी आहे. मणी सोलून आवरण टाकून द्यावे, भरपूर चिरलेला कांदा व थोडे पाणी घालून मंद आचेवर झाकून ठेवावे. तेल घालण्याची गरज नसते. चोरिसाची चरबीच सुटते. कांदा विरघळेपर्यंत आणि पाणी आटून चरबी वेगळी दिसू लागेपर्यंत शिजवावे. काहीजण बटाट्याच्या फोडी घालतात. त्याने तिखटपणा कमी होतो. ज्या गाड्यावर चोरिस मोठ्या आचेवर घाईने परतून देतात, तेथे तो चिवट व खारट लागतो. पातेले एका बाजूला मंद आचेवर ठेवलेले दिसले, तर तेथे थांबण्यास हरकत नाही.

कोठे शोधावा?

वरील विवेचनावरून शोधाची दिशा स्पष्ट होते. प्रथम गावातील पोदेराची भट्टी कोठे आहे आणि तिचा पाव कोणत्या गाड्यावर जातो, याची चौकशी करावी. दुसरे म्हणजे जवळच्या कोल्ड स्टोरेजमध्ये चोरिस कोणाकडून येतो ते विचारावे. तिसवाडी, बार्देश व साष्टी या जुन्या काबिजादींतील गावांत तो घरी करून देणारी कुटुंबे आजही आहेत, आणि त्यांची ख्याती सहसा शेजारच्या दोन-तीन गावांपुरतीच असते. तिसरे म्हणजे संध्याकाळच्या गाड्यांकडे पाहावे. या गाड्यांवर चोरिस-पावाबरोबर कटलेट-पाव, रोस-ऑम्लेट हेही पदार्थ असतात. ज्या गाड्यावर कामावरून परतणारे स्थानिक लोक उभे असतात आणि पाव संपला की गाडा बंद होतो, तो गाडा बहुधा विश्वासाचा. पाव उरत नाही याचा अर्थ रोज ताजा पाव लागतो.

गोव्याबाहेरच्या वाचकांना हा शोध वेगळ्या तऱ्हेने घ्यावा लागेल. मुंबई व पुणे येथे गोमंतकीय वस्तूंच्या दुकानांत चोरिस मिळतो. तेथे बहुधा पाकीटबंद माल असतो. पाकिटावर उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, घटकपदार्थ आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक असणे आवश्यक आहे. घटकपदार्थांत व्हिनेगर कोणते आहे व कृत्रिम रंग आहे किंवा नाही हे वाचून घ्यावे.

आरोग्याची बाजू

चोरिस वाळविलेला व खारविलेला असला तरी तो कच्चा असतो, हे विसरता कामा नये. युरोपातील काही मुरविलेली सॉसेजे न शिजविता खातात; तसा चोरिस खाऊ नये. डुकराच्या मांसातून पट्टकृमीचा प्रादुर्भाव होऊ शकतो. त्याच्या अळ्या मांसात तांदळाच्या दाण्यांसारख्या दिसतात. पूर्ण शिजविल्याने हा धोका टळतो. मांसाच्या आतील तापमान ७१ अंश सेल्सिअसपर्यंत जाणे पुरेसे मानले जाते. मंद आचेवर झाकून शिजविण्याची गोव्यातील पारंपरिक रीत या दृष्टीने योग्यच आहे.

अपुरे मीठ, अपुरे आम्ल आणि अपुरे वाळविणे यांचा दुसरा धोका म्हणजे बॉट्युलिझम ही विषबाधा. या रोगाचे नावच सॉसेज या अर्थाच्या ‘बोटुलुस’ या लॅटिन शब्दावरून पडले आहे. जर्मन वैद्य व कवी यस्टिनुस केर्नर यांनी १८२० च्या दशकात सॉसेजमुळे झालेल्या विषबाधांचे तपशीलवार वर्णन केले होते. हवा नसलेल्या, ओलसर व कमी आम्ल असलेल्या जागी या रोगाचे जंतू विष तयार करतात. म्हणजे विनागर, मीठ आणि ऊन यांची जुनी त्रयी ही केवळ चवीसाठी नव्हती. ती सुरक्षिततेसाठीही होती. वजन वाढावे म्हणून कमी वाळविणारा उत्पादक ग्राहकाचे केवळ पैशाचेच नुकसान करतो असे नाही.

चोरिसात मीठ व चरबी पुष्कळ असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाचा समावेश कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांच्या गटात केला. रक्तदाबाचा व हृदयविकाराचा त्रास असणाऱ्यांनी तर तो विचारपूर्वकच खावा. जुन्या काळी तो रोजचा पदार्थ नव्हताच. चार मण्यांत कांदा-बटाटा घालून सबंध घराची न्याहारी भागविली जाई.

पुढे काय?

अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ नुसार खाद्यपदार्थ तयार करणाऱ्या लहान घरगुती उत्पादकालाही नोंदणी करणे आवश्यक आहे. काही कुटुंबांना हा नसता व्याप वाटतो. परंतु नोंदणी झालेल्या उत्पादकाला आपला माल दुकानात व परप्रांतात उजळ माथ्याने विकता येतो, आणि भेसळयुक्त मालापासून आपला माल वेगळा दाखविता येतो, ही त्याची दुसरी बाजू होय. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, तेव्हा एका ग्रामीण व्यवसायाच्या नावाला संरक्षण मिळाले. ज्या खाद्याची ओळख विशिष्ट प्रदेशाशी व विशिष्ट पद्धतीशी निगडित आहे, त्याची पद्धत नोंदवून ठेवणे किती गरजेचे असते, हे त्यावरून दिसते.

पोदेरांचा प्रश्न वेगळा आहे. लाकूड महाग, रात्रपाळीचे कष्ट मोठे, आणि पाव हे सर्वांचे रोजचे अन्न असल्यामुळे त्याची किंमत वाढविणे कठीण. अनेक जुन्या भट्ट्या मूळ कुटुंबांनी गोव्याबाहेरून आलेल्या कामगारांकडे चालविण्यास दिल्या आहेत. या कामगारांनी हा व्यवसाय टिकवून धरला, हे मान्य केले पाहिजे; मात्र उंडो, पोई, काकण यांची विद्या त्यांच्यापर्यंत नीट पोहोचली तरच ती पुढे जाईल. रेंदेरांच्या बाबतीत तर चढण्याची सुरक्षित साधने, विमा आणि विनागराला योग्य भाव यांवाचून नवे हात मिळणे कठीण आहे.

या सर्व गोष्टी शासनाच्या किंवा संस्थांच्या प्रयत्नांनी काही प्रमाणात साध्य होतील. परंतु ग्राहकाची निवड यात सर्वांत मोठी आहे. विनागर सुरेचे आहे काय, असा प्रश्न बाजारात दहा ग्राहकांनी विचारला, आणि तसे असल्यास थोडा अधिक भाव दिला, तर चोरिस करणारी बाई रेंदेराकडे पुन्हा जाईल. पोई ताजी आहे काय, असे विचारून जो गाडा निवडला जातो, तो गाडेवाला पोदेराच्या दुसऱ्या फेरीची वाट पाहील. चांगला चोरिस-पाव शोधणारा ग्राहक स्वतःची जीभ तर सुखी करतोच. त्याबरोबर माड, भट्टी आणि चूल या तिन्ही ठिकाणी कोणाचे तरी काम चालू राहते.